पाच आणे चार पै

श्राद्धाच्या वेळी गुरुजी तीन पिढ्यांची नावं विचारतात. वडील, आजोबा, पणजोबा. त्याच्या वर कुणी विचारत नाही, त्यामुळे कुणी लक्षातही ठेवत नाही. आमच्या माहेरी स्मरण नेमकं तिथेच संपलं होतं. पणजोबांच्या वर एवढंच शिल्लक होतं: "म्हातारा दुष्काळात माणदेशातनं खाली उतरला आणि कृष्णाकाठी राहिला." हा म्हातारा म्हणजे माझे खापरपणजोबा. त्यांच्या नावावरून अण्णा (माझे वडील) आणि धाकटे काका यांच्यात कायम वाद. अण्णा एक नाव सांगत, काका दुसरं. दोघेही ठाम.

मी शोध सुरू केला तो हा वाद मिटवायला. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी जाऊन चुलतभावाला म्हटलं, जुने फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी) बघायचेत. तो गप्प झाला. चहा झाल्यावर हळूच म्हणाला, "ताई, हक्कसोड तर झालंय ना तुझं?"

म्हणजे माहेरच्या जमिनीवरचा हक्क मी लिहून सोडलाय ना. त्याचं चुकलं असं नाही. लग्न झालेली बहीण तलाठ्याकडे जुने कागद मागू लागली की गावात त्याचा एकच अर्थ निघतो. पुढे ज्या ज्या भाऊबंदांकडे गेले तिथे मी आधी तोच विषय काढायचे: हक्कसोडपत्र झालंय, मला फक्त नावं हवीत. नावं कशाला हवीत, याचं त्यांना पटेल असं उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं. शेवटी "पुण्यात एक वही करतेय" असं सांगायला लागले. वही म्हटलं की लोक निवांत होतात.

सातबाऱ्यापासून सुरुवात करायची, हे सगळेच सांगतात. सातबाऱ्यावर फेरफारांचे क्रमांक असतात, त्यांवरून मागे मागे जायचं. अडचण येते ती एकत्रीकरणाच्या ठिकाणी. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. त्यानंतर गावोगाव जमिनी एकत्र करून नवे गट पाडले गेले आणि जुने सर्व्हे नंबर गेले. कोणता सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला, हा उतारा हाती आल्याशिवाय मागे जाता येत नाही. तो एकदा मिळाला की वाट मोकळी. इंग्रजांच्या मोजणीनं पडलेले सर्व्हे नंबर (ही मोजणी १८३६ च्या सुमारास इंदापुरात सुरू झाली आणि मग बाकीच्या मुलखात पसरली) शंभर वर्षं फारसे हलत नाहीत. माणसं नावं बदलतात, आडनावं बदलतात, एकाच गल्लीत एका नावाची चार माणसं असतात. सर्व्हे नंबर मात्र आपल्या जागी असतो. त्यामुळे मी लवकरच माणसाचा नाद सोडला आणि जमिनीच्या मागे लागले.

काही जिल्ह्यांचे जुने फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत. पण पानं पुसट असतात, क्रमांक पुढचेमागचे होतात, आणि नेमकं हवं ते पान वाकडं स्कॅन झालेलं असतं. मी ते फक्त क्रमांक काढायला वापरलं. कागद पाहायचा तर तहसीलच्या अभिलेख कक्षातच. तिथे २०२३ नंतर वेगळीच वर्दळ आहे. कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झाल्यापासून, जे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) वर्षानुवर्षं कुणी सोडले नव्हते ते टेबलावर आले. मोडी वाचणाऱ्या माणसाला आलेला भाव मी डोळ्यांनी पाहिला. माझ्यासारखी, दाखल्यासाठी नव्हे तर नुसत्या हौसेसाठी आलेली बाई म्हणजे त्या गर्दीत एक अडथळाच होता. एका कार्यालयात माझा अर्ज "प्रयोजन स्पष्ट नाही" म्हणून परत आला. मग प्रयोजनाच्या रकान्यात 'कौटुंबिक इतिहास' लिहिलं, आणि कारकुनानं नुसतं वर पाहिलं.

फेरफाराची भाषा ठरीव असते. 'अमुक बिन तमुक हे मयत झालेने वर्दीवरून वारसांची नावे दाखल केली.' बिन म्हणजे कुणाचा मुलगा ते, आणि बायकांच्या नावापुढे कोम, म्हणजे कुणाची बायको ते. भाऊ एकत्र असतील तर थोरल्याच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. पोरं लहान असतील तर 'अज्ञान' आणि पालक म्हणून आई किंवा चुलता. या दोनतीन अक्षरांच्या खुणा आधी ओळखायला शिकावं. नाहीतर धाकट्या भावांचं नावच कागदावर नाही, म्हणून ते नव्हतेच असं वाटू लागतं. ते असतात. मॅनेजरच्या सावलीत असतात.

आमच्या घरी पक्की समजूत होती की खापरपणजोबांना दोन मुलगे. थोरले, आणि धाकटे म्हणजे आमचे पणजोबा. दोघांच्या दोन शाखा आजही गावात आहेत, घरांची भिंत एकच. जमीन निम्मी निम्मी, आठ आणे आणि आठ आणे. जुन्या कागदांत हिस्से आण्यांत लिहीत, अख्खी जमीन म्हणजे रुपया, सोळा आणे. काका ऐटीत सांगायचे, "आमच्यात वाटणीवरनं कधी कोर्ट झालं नाही, सरळ दोन वाटण्या."

तर १९२० नंतरच्या एका फेरफारात पणजोबांनी एक गहाण सोडवल्याची नोंद आहे. त्यात त्यांच्या नावापुढे हिस्सा लिहिलाय ५ आणे ४ पै.

मी ते दोनदा वाचलं. आधी वाटलं दुसऱ्या जमिनीचा असेल. सर्व्हे नंबर तोच होता. बारा पैंचा एक आणा. पाच आणे चार पै तीनदा घ्या: पंधरा आणे बारा पै, म्हणजे बरोबर सोळा आणे. रुपयाचे तीन भाग केल्याशिवाय हा आकडा येत नाही. म्हणजे त्या तारखेला या जमिनीत तीन वाटेकरी होते, आणि घरात सांगितले जाणारे भाऊ दोनच.

ज्या फेरफारात खापरपणजोबांच्या मुलांची नावं पहिल्यांदा चढली असणार, ते पान वहीत आहे, पण त्याचा खालचा अर्धा भाग नाही. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा आला १९०३ साली. त्यानंतरची ही पहिली वही, आणि वाळवीला नेमकं तेच पान आवडलेलं. म्हणून पुढच्या नोंदींतून तिसरा शोधायचा होता. उरलेले पाच आणे चार पै कुणाच्या नावावर आहेत, हे बघत पानं उलटत गेले. सापडली ती एक बाई. नाव, पुढे कोम, पुढे एका पुरुषाचं नाव जे मी आयुष्यात कधी घरात ऐकलं नव्हतं, आणि त्याच्या बापाचं नाव म्हणजे आमच्या खापरपणजोबांचं. नोंद १९१९ ची. मूलबाळ नाही, सबब बायकोचे नाव दाखल.

इथे अण्णा आणि काकांचा वादही मिटला, आणि तो मजेशीर होता. अण्णा सांगत ते नाव खापरपणजोबांचं खरंच. काका सांगत ते त्यांच्या थोरल्या मुलाचं. त्या थोरल्यानं आपल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवलं होतं, त्यामुळे ही दोन नावं एकाआड एक चार पिढ्या चालत आली आहेत. कुणाचाही गोंधळ व्हावा.

आता १९१९ म्हटल्यावर डोक्यात एकच गोष्ट येते. त्याच्या आदल्या वर्षी, १९१८ च्या पावसाळ्याच्या शेवटी, इन्फ्लुएन्झाची साथ आली. आमच्याकडची जुनी माणसं तिला मानमोडी म्हणायची. गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, त्या वर्षाची मिळते का ते पाहिलं. मिळाली. ही वही कुणी वाचायला घेणार असेल तर एक सांगते. जन्माच्या बाजूला मुलाचं नाव शोधू नका. बहुधा ते नसतं, कारण बारशाच्या आधीच नोंद झालेली असते. बापाचं नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी', बस्स. मृत्यूच्या बाजूला मात्र नाव, वय, जात, कारण सगळं असतं. कारणांची यादी छोटी आहे: ताप, पटकी, देवी, हगवण, गाठ (म्हणजे प्लेग). १९१८ च्या ऑक्टोबरपर्यंत वहीत महिन्याला मोजक्या नोंदी आहेत, सुवाच्य, ओळी सरळ. ऑक्टोबरात अक्षर बिघडतं. कारणाच्या रकान्यात एकदा 'ताप' लिहून खाली नुसत्या खुणा ओढल्यात, पानभर, पुढच्या पानावरही. त्या खुणांच्या मध्ये कुठेतरी पणजोबांचा तिसरा भाऊ आहे. वय २६, ताप.

त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या ओळींत शेजारच्या घरांची नावं होती. आजही ती घरं तिथेच आहेत.

मग त्या बाईचा माग घेतला. वाटण्या झालेल्या घरातल्या विधवेला तेव्हा नवऱ्याच्या वाट्याची जमीन हयातीपुरती मिळे. ती वहिवाटायची, पण विकायला कायदेशीर कारण लागे, आणि तिच्या पश्चात जमीन नवऱ्याच्या माणसांकडे परत जाई. पुनर्विवाह केला तर हक्क जाई. १८५६ च्या ज्या कायद्यानं विधवाविवाहाला मान्यता दिली, त्याच कायद्यात हे कलम होतं. आमच्या या बाईचं नाव जमिनीवर १९४६ पर्यंत आहे, त्यावरून तिनं पाट लावला नाही एवढं नक्की. त्या वर्षी फेरफार पडतो: मयत, वारस नाही, सबब दिरांच्या मुलांकडे निम्मे निम्मे. इथून आठ आणे सुरू होतात. काकांच्या 'सरळ दोन वाटण्या' इथल्या.

या सत्तावीस वर्षांत तिनं एकदा जमीन गहाण टाकली. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जुन्या सूच्या असतात, वर्षानुसार आणि नावानुसार. नाव आणि वर्ष अंदाजानं माहीत असेल तर दस्ताची नक्कल निघते. पैसे भरले, थांबले, नक्कल आली. गहाणखत बैलासाठी. म्हणजे शेत ती स्वतः करत होती, किंवा करवून घेत होती. शेवटी लिहिणाऱ्याचं नाव, मग साक्षीदार, आणि डावीकडे एक छोटं वर्तुळ, त्याच्या बाजूला शब्द: निशाणी बांगडी. त्या काळी लिहिता न येणारा कुणबी नांगर काढायचा, बायका बांगडी. नवरा जाऊन दहा वर्षं झालेल्या बाईची सही म्हणून लिहिणाऱ्यानं नेहमीप्रमाणे बांगडी काढून ठेवली होती. खाली अंगठाही आहे, शाईत जरा फिरलेला.

मी नक्कल घेऊन आत्याकडे गेले. आत्या आता पंच्याऐंशीच्या पुढे, ऐकायला कमी येतं, पण एकदा समजलं की झरझर बोलते. नाव वाचून दाखवलं. ओळख पटेना. मग म्हटलं, पणजोबांची धाकटी भावजय, मूल नसलेली. "आगं धाकली म्हातारी व्हय! तिचं नाव कुणाला ठावं? गोठ्याकडच्या खोलीत ऱ्हायची. आमाला गुळशेंगा द्यायची आन आय वरडायची, तिच्याकडं जाऊ नका म्हणून." का ओरडायची, ते आत्याला ठाऊक नाही. एवढं मात्र आठवतं की ती वारली तेव्हा शाळेला सुट्टी नव्हती आणि पोरांना शाळेत पाठवलं होतं.

शाळेचाच विषय निघाला म्हणून: शाळेच्या जनरल रजिस्टरचा मला फार उपयोग झाला नाही. आजोबांचं नाव आहे, जन्मतारीख १ जून. त्या पानावर निम्म्या पोरांचा जन्म १ जूनचाच. शाळा सोडल्याचं कारण 'सतत गैरहजर'. असो.

इथपर्यंतचं सगळं खापरपणजोबांच्या खालचं. वरचं काय? ते कुठून आले, बाप कोण? कृष्णाकाठच्या गावातले कागद याचं उत्तर देणार नव्हते. जमीन घेण्याआधी त्या माणसाची नोंद करायचं त्या गावाला काही कारणच नव्हतं. हे मला पुढे पुढे नीट कळत गेलं. कागद कुणी का लिहिला, हे आधी विचारायचं. सारा वसूल करणाऱ्याला तुमच्या आजीशी घेणं नसतं. शाळेला तुमच्या जमिनीशी नसतं. तीर्थोपाध्यायाला मात्र दोन्हींशी थोडं थोडं असतं, कारण पिंड द्यायचे तर नावं लागतात आणि यजमान पुन्हा यायचा तर गाव माहीत लागतं.

नाशकात गोदावरीवर उपाध्यायांच्या घरी नामावळ्या असतात. कुणाचे यजमान कोणत्या भागातले, कोणत्या जातीतले, कोणत्या आडनावाचे, हे वाटून घेतलेलं आहे. रामकुंडावर उभं राहून जिल्हा, तालुका, गाव, आडनाव सांगितलं की कुणीतरी बरोबर घराकडे बोट दाखवतं. मला मात्र आधी नन्नाचा पाढा ऐकावा लागला. सांगली जिल्हा म्हटल्यावर त्यांना काही सापडेना. मग ज्यांच्याकडे शेवटी गेले त्या उपाध्यायकाकांनी विचारलं, "तुमचं पूर्वी साताऱ्यात होतं का?" होतंच की. दक्षिण सातारा जिल्हा झाला १९४९ साली, त्याचं नाव सांगली झालं १९६० मध्ये. त्याआधीचा वाळवा सातारा जिल्ह्यातला. जुन्या वह्यांत आम्ही साताऱ्याचे.

लांबट वह्या, लाल कापडात. जुनी पानं मोडीत. मोडी मी एका वर्गात शिकले होते. पुराभिलेख खात्याकडूनही असे वर्ग होतात. पण छापील धडा वाचणं वेगळं आणि बोरूनं घाईत लिहिलेलं वाचणं वेगळं. आधी सगळी ओळ ओढून घेतलेली, शब्दांमध्ये फट नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. नावं माहीत असतील तरच वाचता येतात. नेमकं नाव माहीत नसतं म्हणून तर आपण आलेलो असतो. काका वाचत गेले आणि मी बोट ठेवून मागोमाग जात राहिले.

नोंद शके १८२४ ची, म्हणजे इसवी सन १९०२-०३. पणजोबा बापाच्या अस्थी घेऊन आले होते, तेव्हा विशीतले असतील. सोबत मातोश्री. त्यांचं नाव लिहिलंय, आणि खापरपणजोबांच्या बायकोचं नाव मला मिळालेली ही एकमेव जागा. जमिनीच्या एकाही कागदात ती नाही. मग बापाचं नाव, आजाचं नाव, पणजाच्या नावाजवळ पाणी सांडून शाई पसरलीय. पुढे भाऊ: तीन नावं. तिसरा तेव्हा दहा वर्षांचा असेल. खाली नांगर.

आजाचं, म्हणजे खापरपणजोबांच्या बापाचं, नाव मिळालं म्हणजे मी एक पिढी वर गेले, पण गाव तिथे कृष्णाकाठचंच होतं. मूळ गावाचा रकाना नाही. काकांनी सध्याच्या पानावर माझी नोंद करून घेतली, सासरच्या नावानं नव्हे, "माहेरवाशीण, शोधार्थ आल्या" अशी. दक्षिणा त्यांनी मागितली नाही, मी दिली.

माणदेशातलं गाव सांगितलं ते हेळव्यानं. आमच्या बाजूला, सांगली, कोल्हापूर, बेळगाव पट्ट्यात, हे लोक सुगीनंतर येतात. बैल बरोबर असतो, दारात बसून वंशावळ वाचतात, धान्य, पैसे, कधी वासरू घेऊन जातात. कुळी, देवक, कुलदैवत, मूळ गाव, मग पिढ्या. त्यांच्या वह्यांबद्दल दोन टोकांची मतं ऐकली. कुणी म्हणतं सगळं थापा, कुणी म्हणतं ताम्रपटासारखं प्रमाण. माझा अनुभव मधला. आमच्या हेळव्यानं वाचलेल्या यादीतल्या खालच्या पाच पिढ्या मी कागदाशी ताडून पाहिल्या. त्यात तिसरा भाऊ होता, 'निर्वंश' अशी खूण करून. घरानं विसरलेला माणूस हेळव्यानं विसरला नव्हता. खापरपणजोबांच्या बापाचं नाव नाशकातल्या नावाशी जुळलं. हेळव्याला नाशकाची वही ठाऊक असण्याचं कारण नाही, त्यामुळे हे जुळणं मी गंभीरपणे घेते. त्याच्या वर मात्र यादी एकदम झळाळू लागते. आठव्या पिढीला कुणी सरदार, बाराव्याला थेट राजघराणं. ते मी ऐकलं, वहीत उतरवलं नाही. हेळवी रागावला. म्हणाला, "बाई, गोड आहे तेवढंच सोडताय की."

स्थलांतराबद्दल त्याच्या वहीत साल नव्हतं, फक्त संवत्सर: धाता. संवत्सरं साठ असतात आणि साठ वर्षांनी तीच फिरून येतात, त्यामुळे नुसत्या नावावर भागत नाही. धाता १८१६-१७ मध्ये येतो, १८७६-७७ मध्ये येतो, १९३६-३७ मध्ये येतो. खापरपणजोबांचा धाकटा मुलगा १९१८ ला २६ वर्षांचा, म्हणजे जन्म १८९२ च्या आसपासचा. तेव्हा बापाचं स्थलांतर १८१६ चं असणं शक्य नाही, आणि १९३६ ला ते हयात नव्हते. उरतो १८७६, शके १७९८. दख्खनचा मोठा दुष्काळ, ज्यात साताऱ्याचा पूर्वेकडचा मुलूख होरपळला. घरातलं ते एक वाक्य खरं होतं.

माण तालुक्यातलं ते गाव छोटं आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथे आमचे भाऊबंद निघतात की नाही ते अजून ठरायचंय आणि त्यांना विनाकारण माझे वाचक नकोत. तिथल्या जुन्या मोजणीच्या कागदांत, म्हणजे साताऱ्याचं राज्य १८४८ ला खालसा झाल्यानंतरच्या, एका सर्व्हे नंबरापुढे खापरपणजोबांच्या बापाचं नाव आहे. आडनाव नाही, त्याच्या बापाचं नाव आहे, आणि तेही हेळव्याच्या यादीशी जुळतं. जमीन मोठी, आकार (म्हणजे सारा) थोडा. याचा अर्थ माळ. रयतवारीत खातेदाराला वर्षाअखेर राजीनामा देऊन जमीन सोडता येई, म्हणजे पुढच्या वर्षाचा सारा डोक्यावर राहत नसे. दुसऱ्या कुणाला ती हवी असेल तर त्यानं कबुलायत लिहून द्यायची. १८७६-७७ सालाच्या पुढे या नंबराला राजीनामा लागलाय. कबुलायत कुणाचीच नाही. पुढे कित्येक वर्षं तो नंबर पडच आहे. राजीनामा देणाऱ्याचं नाव: खापरपणजोबांचं, बिन लावून.

सही म्हणून इथेही नांगरच. जमीन सोडण्याच्या कागदावर.

हा माणूस आमचाच, हे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्या नावाची माणसं त्या काळी गावागणिक असायची. पण नाव, बापाचं नाव, आजाचं नाव, साल आणि गाव सोडण्याचं कारण, एवढं सगळं एका ठिकाणी योगायोगानं येणं मला अवघड वाटतं. वंशवृक्षात खापरपणजोबांपर्यंतची नावं शाईत आहेत. त्यांचे वडीलही, नाशिक आणि हेळवी दोन्हीकडे असल्यानं, शाईत. खापरपणजोबांचे आजोबा पेन्सिलनं. पुण्याच्या पेशवे दप्तरात आणखी मागचं मिळेल असं एकानं सुचवलं. मी रुमालांच्या याद्या चाळल्या. तिथे पाटील, कुलकर्णी, देशमुख, इनामदार भेटतात, कारण त्यांना वतन होतं, आणि वतनाचं भांडण झालं की वंशावळ द्यावी लागे. १८५२ च्या कायद्यानं इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले, त्याच्यापुढे तर इनामदारांनी रकानेच्या रकाने कैफियती दिल्यात. माळावर ज्वारी पेरणाऱ्याला कुणी कैफियत विचारली नाही. तिथला माझा शोध मी थांबवलाय.

वहीची एकेक प्रत दोन्ही शाखांना दिली. हक्कसोडाचं विचारणाऱ्या चुलतभावानं ती लगेच उघडली, ५ आणे ४ पैंचं पान पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे गोठ्याची जागा तिच्या वाटणीची होती?" होती. गावठाणात ती जागा आजही दोन घरांच्या मध्ये आहे, आणि तिच्यावरून दोन्ही घरांत गेली काही वर्षं कुरबुर चालू आहे, हे मला तेव्हा कळलं.

हेळवी यंदा आला तेव्हा त्याला पुढची पिढी लिहायची होती. माझ्या भावाच्या मुलाचं नाव घेतलं, मुलीचं नको म्हणाला, रीत नाही. भावजयीनं धान्याचं सूप हातातच धरून ठेवलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग त्यानं मुलीचं नाव लिहून घेतलं. कुठल्या ओळीत, ते मला नीट दिसलं नाही.

आता एकच धागा ओढायचा राहिलाय. धाकल्या म्हातारीच्या गहाणखतावर दोन साक्षीदार आहेत. एक गावचा. दुसऱ्याच्या नावापुढे तासगाव तालुक्यातलं एक गाव आणि 'गहाण देणाऱ्याचा भाऊ' असं नातं लिहिलंय. म्हणजे तिचं माहेर ते. त्या गावात फेरफाराच्या जुन्या वह्या आहेत का, हे विचारून ठेवलंय.